काळी एकचा पियानो

रविवार, ५ जानेवारी २०२५

पियानो आला. कॅम्पातल्या बंगल्यातून वडगावपर्यंत टेम्पोत उभा बांधून आणला. उतरवणारी माणसं साड्यांचे गठ्ठे वाहणारी, त्यांना ते कपाट वाटलं. एकाने विचारलं, "अण्णा, ह्यात काय भरलंयसा?" मी म्हणालो, "तारा." तो हसला. मी खरं तेच सांगितलं होतं. आत ओतीव लोखंडाची चौकट आहे आणि तिच्यावर दोनशेवर तारा ताणलेल्या आहेत.

पेट्यांचे, म्हणजे हार्मोनियमचे सूर लावायचं काम मी कधी लिहून ठेवत नाही, ते हातात आहे. हे नवं आहे, म्हणून लिहितोय.

पियानो आरोहीसाठी. माझी मुलगी, चोविसावं चालू आहे. कॅम्पातल्या शाळेत सिस्टरांकडे पियानो शिकली, मग बेंगळुरात हापिसात नोकरी करता करता जॅझ शिकली, आणि दिवाळीला चार महिन्यांची बिनपगारी रजा काढून घरी आली. जॅझ म्हणजे काय ते तिने मला पुष्कळदा सांगितलं. मला समजलं ते असं, की लोकांना पाठ असलेलं गाणं घ्यायचं आणि कुणाला ओळखू येणार नाही असं वाजवायचं. जुनी गाणीही घेत नाही. हल्ली फोनवर वाजतात ती, आणि जी पोरं स्वतः लिहून स्वतःच गिटारवर म्हणतात त्यांची.

गोव्यात जॅझचा एक महोत्सव असतो. नव्या लोकांनी तीन गाण्यांचं रेकॉर्डिंग पाठवायचं. खरा पियानो हवा, कीबोर्ड चालत नाही. मध्ये कापाकापी नाही. मुदत २० तारीख. निवड झाली तर आरोही नोकरी सोडणार, नाही झाली तर मार्चमध्ये परत हापिसात. हे तिचं तिने ठरवलंय. ठरवलं की ठरवलं, यात ती माझ्यावर गेली आहे.

गोव्याचा पियानो लावणारा फेब्रुवारीपर्यंत मोकळा नाही म्हणे. मी म्हणालो, "तो कशाला? बाप आहे ना."

ती म्हणाली, "आप्पा, पियानो जरा वेगळा असतो."

तारा वेगळ्या, सूर तेच.

मंगळवार, ७ जानेवारी

झाला. तारा पिळायची किल्ली उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर करून घेतली, खुंट्यांच्या मापाची. एका सुराला तीन-तीन तारा आहेत. दोन दाबून धरायच्या, एक लावायची, मग बाकीच्या तिला मिळवायच्या. चिकाटीचं काम.

काळी एकमध्ये लावला. पहिल्या काळ्या पट्टीला सा धरला आणि बाकीचे सूर त्या साच्या नात्याने, कानाला जिथे बसतात तिथे नेमके बसवले. याला गंधार ट्यूनिंग म्हणतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत भजनी मंडळांच्या पेट्या मी अशा लावतो, आणि हे मी कुणाकडे शिकलो नाही. विणकराच्या घरात जन्मलो, एक मोडकी पेटी उघडून बसलो आणि कानाने शिकलो. या भागात गंधार ट्यूनिंग माझ्याशिवाय कोणी करत नाही. म्हणजे करतात, पण ते ऐकवत नाही.

इकडचे बहुतेक गाणारे काळी एकच मागतात, म्हणून तीच धरली.

शेजारी दिवसभर माग चालू असतात, पण त्याची अडचण आली नाही. सूर सुरात नेमका मिळाला की आवाजच वेगळा होतो. साखर पाण्यात विरघळावी तसा. कितीही खडखडाट असो, कळतं.

संध्याकाळी आरोही बसली. थोडं वाजवलं, थांबली. दुसरीकडून वाजवलं, थांबली. मग हात मांडीवर ठेवले. मी विचारलं, "कसा वाटला?"

"तुम्ही लई कष्ट घेतलेत आप्पा," एवढंच म्हणाली. उठून आत गेली.

भारावली पोर.

शुक्रवार, १० जानेवारी

आज तिचे दोघे साथीदार आले. साईराज निपाणीचा, ड्रम वाजवतो, एरवी लग्नाच्या बँडमध्ये असतो. तोंड बंद राहत नाही. दुसरा मंथन, बास गिटार. तो तोंड उघडत नाही.

पाच मिनिटं वाजवलं असेल. साईराज थांबला आणि म्हणाला, "आरोही, ह्यो पियानो रुसलाय काय गं कुणावर?"

ती म्हणाली, "वाजव तू."

"न्हाय, म्हंजे लग्नात बँड पुढं आणि करवल्या मागं भांडत्यात, तसं वाटतंय."

मी दारातच होतो. आत गेलो. शांतपणे काळी एकवर सा, ग, प दाबले. तिन्ही विरघळले. त्याला म्हणालो, "ऐकलंस? असा गंधार कुठं ऐकलायस जन्मात?"

"झ्याक हाय काका. खोटं न्हाय बोलत. आता हितं दाबून बघा की." आणि त्याने पांढरी पाचवरून तसेच तीन सूर दाबले.

जे ऐकू आलं ते मी इथे लिहीत नाही.

पण तिथे दाबायचं कारण काय? सा काळी एकवर आहे. घराला दार एका बाजूला असतं, मागच्या भिंतीतून कोण शिरतं? हे मी त्याला सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं. मंथन बूट घालायला लागला.

आरोही म्हणाली, "राहू द्या आप्पा. मी कीबोर्डवर करीन काहीतरी."

कीबोर्ड चालत नाही हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

सोमवार, १३ जानेवारी

उचगावच्या मंडळाची पेटी आली होती. आतले पितळी सूर घासून, मिळवून दिली. खूश होऊन गेले. पियानोला तीन दिवस कोणी हात लावलेला नाही. आरोही फोनवर बेंगळूरच्या मैत्रिणीशी खोल्यांची भाडी बोलत होती.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नीलमने, आरोहीच्या आईने, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला म्हणत नाही, नुसतं बोला तरी. पोरगी तोंड पाडून फिरतीय."

मी म्हणालो, "काम चोख आहे. माझ्यापुरता विषय संपला."

"उचगावची पेटी कोणत्या पट्टीत लावली?"

"पांढरी चार."

"का?"

"त्यांचा बुवा त्या पट्टीत गातो. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी पेटी उघडत नाही."

"हं," म्हणाली. "आणि पोरीला विचारलं होतंत?"

ती भाकरी थापायला आत गेली. मी तिळगूळ तोंडात टाकला. विचारलं नव्हतं.

बुधवार, १५ जानेवारी

आज विचारलं. चहा घेऊन गेलो आणि कामाचं विचारावं तसं विचारलं, "तुझी पट्टी कोणती?"

तिने कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सगळ्या."

मला चेष्टा वाटली. ती म्हणाली, "बसा इथं." आणि संकेश्वरच्या त्या विक्रमचं गाणं घेतलं. विक्रम म्हणजे कोणी मोठा माणूस नाही. गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणतो आणि फोनवर टाकतो. हे गाणं सध्या आमच्या गल्लीत प्रत्येक फोनवर आहे. हंगामात उसाची ट्रॉली रस्ता अडवून चालते, मागे मोटरसायकलवर हा, त्याच्या मागच्या सीटवर ती. ट्रॉली ओलांडायचीच नाही, असं गाणं:

ट्रॉली म्होरं, गाडी मागं,
हारन आता कशाला द्यायचा,
तुझं गाव ऱ्हाऊदे लांब.

शब्द बरे आहेत. चाल सरळ.

आरोहीने ती चाल एका पट्टीत धरली. दुसऱ्या ओळीला सगळं गाणं उचलून दुसऱ्या पट्टीवर ठेवलं. मग तिसऱ्या. माझ्या ट्यूनिंगमध्ये दुसऱ्या ठिकाणीच भांडण सुरू झालं. मी मान खाली घातली.

"गावाला जाताना रस्ता बदलतो ना आप्पा, तसं," ती म्हणाली. "एका जागी उभं राहून हे गाणं सांगता येत नाही मला."

मग तिने सांगितलं की पियानो कसा लावतात. एकही सूर पूर्ण खरा लावायचा नाही. प्रत्येकाला अगदी किंचित वाकवायचं, सारखं वाकवायचं, म्हणजे कुठूनही सुरुवात केली तरी चालतं. दोन सूर जरासे वेगळे असले की आवाज डुलतो, लहर उठते. मी आयुष्यभर त्या लहरी मारत आलो. आता त्या मोजून ठेवायच्या. या जोडीला इतकी संथ, त्या जोडीला इतकी जलद.

मी म्हणालो, "म्हणजे मुद्दाम चुकवायचं."

"नेमकं चुकवायचं," ती म्हणाली. "तुम्हाला जमेल. फोनवर ॲप आहे, काटा दाखवतं."

काटा बघून सूर लावणाऱ्याने पंक्चरं काढावीत. नको म्हणालो.

गुरुवार, १६ जानेवारी

जमत नाही. लहर ऐकू येते आणि लगेच हरवते. खरा सूर खडखडाटात सुद्धा कळतो, पण हा वाकडेपणा इतका बारीक आहे की मागांचा एक ठोका पडला की गेला. चहूकडे यंत्रमाग, सध्या रात्रपाळीलाही. पूर्वी निदान वीज जायची. हल्ली जातच नाही, हा एक त्रासच झाला आहे.

मधलं सप्तक तीनदा लावलं, तीनदा सोडलं. कानात कापूस भरल्यासारखं झालंय. हे मला जमणार नाही असं वाटतं. आरोहीला बोललो नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

बायाक्काकडे गेलो. गल्लीतले बरेचसे माग तिचे आहेत, आणि बाकीचे तिच्या शब्दाबाहेर नाहीत. आमचं बोलणं नसतं. मागांच्या आवाजाबद्दल मी महापालिकेत अर्ज केला होता. त्या अर्जातला शब्द न् शब्द खरा होता, आजही मी तो मागे घेणार नाही. पण त्यामुळे तिच्या दारात जाणं सोपं नव्हतं.

ती बॉबिन भरत होती. वर न बघताच म्हणाली, "या जोतिबाअण्णा. आज कुटला अर्ज आणलाय?"

मी म्हणालो, "रविवारी माग बंद ठेवता येतील का, विचारायला आलो."

"बंद? यात्रेच्या साड्यांची आर्डर हाय. तुमच्या कानासाठी बंद ठेवू व्हय?"

"माझ्यासाठी नाही. आरोहीसाठी." मग सगळं सांगितलं. महोत्सव, मुदत, हापिस. लहरींचंही सांगितलं, जरा तपशिलात सांगितलं. मी बोलतोय तोवर तिने तीन बॉबिन भरल्या.

"म्हंजे इतकी वर्सं तुमी म्हनत हुता आमचा आवाज तुमास्नी ऐकवत न्हाय," ती म्हणाली, "आन् आता म्हंताय आमच्या आवाजात तुमास्नी ऐकू येत न्हाय."

"दोन्ही खरं आहे."

त्यावर ती हसली. बॉबिन खाली ठेवली. "रईवारी दिसभर बंद. सगळ्यास्नी सांगत्ये. पर ध्यान द्या, आरोहीनं ट्रॉलीचं गाणं वाजवायचं. आन् आमी बायका ऐकायला येणार."

मी म्हणालो, "रेकॉर्डिंग आहे, आवाज करायचा नाही."

"न्हाय करत वो. आमाला काय तोंडं दाबून बसता येत न्हाय व्हय?"

रविवार, १९ जानेवारी

एवढी शांत गल्ली मी लहानपणापासून ऐकलेली नाही. कुणाच्या तरी नळाला गळती आहे, तेही आज कळलं.

पहाटेपासून बसलो. आणि लहर ऐकू आली. पहिले दोन तास पकडता आली नाही, मग आली. दोन सूर शेजारी ठेवले की मधून काहीतरी हलकं डुलतं, पाळण्यासारखं. थोडं ताणलं की वेगात, थोडं सोडलं की संथ. ते मोजून जागेवर ठेवायचं आणि किल्ली काढून घ्यायची. चांगला सूर हाताने बिघडवायचा म्हणजे काय असतं, ते हे काम केल्याशिवाय कळायचं नाही. नववा सूर लावल्यावर चहा घेतला.

आरोही अधूनमधून येऊन एखादी पट्टी दाबायची, बाहेर जायची, परत यायची आणि म्हणायची, "पांढरी सहा जरा बघता का आप्पा? किंचित चढलीय." दरवेळी तिचं बरोबर निघालं. आत वाकून बघायची नाही, काही नाही, फोन हातात घेऊन अंगणात जाऊन यायची आणि सांगायची. माझा कान तिला आलाय, याबद्दल आता शंका नाही.

जेवायच्या वेळी पूर्ण झाला. मी काळी एकवर सा, ग, प दाबले. गंधार चढा लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मग पांढरी पाचवर दाबले. तिथेही तेवढाच चढा, जास्त नाही. सगळीकडे फिरून आलो. कुठेच भांडण नव्हतं.

दुपारी तिघे बसले. माईक लावले. बायाक्का आणि गल्लीतल्या बायका भिंतीशी चटईवर. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी पदरात हात गुंडाळून घेतले होते. नीलम दारात.

पहिली दोन गाणी चांगली झाली असं साईराजच्या तोंडावरून वाटलं. मला त्यातली मूळ गाणी माहीत नाहीत.

तिसरं ट्रॉलीचं. पांढरी चारवर सुरू केलं. मला ती चाल पाठ आहे, पण आरोहीने ती समोर आणलीच नाही. डाव्या हाताने काहीतरी संथ चाललेलं, उजव्या हातात चालीचे दोन-तीन सूर यायचे आणि निघून जायचे. एक बाई कुजबुजली, "ट्रॉली कुटं हाय गं ह्यात?" दुसरीने तिला चिमटा काढला. आणि मला बायाक्काचं तोंड दिसलं. तिच्या तोंडावर काळजी होती. पोर चाल विसरली, असं तिला वाटत होतं. एवढ्या मोठ्या कामाच्या दिवशी, माईकसमोर, पोर चाल विसरली.

मी हात वर करीपर्यंत बायाक्काने गायला सुरुवात केली होती. पोरीला आठवण करून द्यायला, हळूच. ट्रॉली म्होरं, गाडी मागं.

गाणं पांढरी चारवर चाललेलं, बायाक्का पांढरी दोनवर, त्याच्याही किंचित खाली. वीस तारीख उद्या. हे बिघडलं.

आरोहीने मान वळवून बायाक्काकडे पाहिलं. थांबली नाही. दोन सूरसमूह वाजवले, मला त्यांची नावं येत नाहीत, पण पायऱ्या उतरल्यासारखे होते. आणि तिसऱ्याला ती पांढरी दोनवर होती. सगळा पियानो तिथे होता. मंथन तिच्याबरोबर उतरला. साईराजने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि बोटांनी वाजवायला लागला. बायाक्काला काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं असेल की पायाखाली काहीतरी आलं. आवाज उघडला तिचा. सूर वर येऊन पियानोला टेकला. हारन आता कशाला द्यायचा.

मी गाणाऱ्यांना नेहमी सांगतो, सा धरा, सोडू नका, सा कुणासाठी हलत नाही. आज तो उठून बायाक्काकडे गेला. आणि तिथे गेल्यावर सुद्धा एकही सूर भांडला नाही. ते मी सकाळी लावलं होतं.

गाणं संपल्यावर बायाक्का म्हणाली, "आटवलं न्हवं आता?"

आरोही म्हणाली, "आठवलं बायाक्का."

मी म्हणालो, आता शांतपणे पुन्हा एकदा घेऊ, बायकांनी बाहेर बसावं. आरोही म्हणाली, "नाही आप्पा. हेच पाठवणार."

"अगं, सुरुवातीला तिचा सूर खाली आहे!"

"माहीत आहे."

बराच वाद घातला. साईराजही तिच्या बाजूने. मंथन पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "हेच."

सोमवार, २० जानेवारी

पाठवलं. माझं मत नोंदवून ठेवतो: बायाक्का पहिल्या ओळीत खालीच आहे.

तरी सकाळपासून चार वेळा ऐकलं.

शनिवार, १ फेब्रुवारी

निवड झाली. मोठ्या मंचावर नाही, सकाळच्या सत्रात, बागेतल्या लहान मंचावर. पण झाली. आरोहीने बेंगळुरात राजीनामा पाठवला आणि मग घरात सांगितलं, त्या क्रमाने. नीलम रडली. मी पेटीचा भाता चिकटवत होतो, तो हातात धरून ठेवावा लागतो, म्हणून उठता आलं नाही.

तिकडून विचारणा आलीय की गाणाऱ्या बाईंचं नाव काय छापायचं आणि त्या येणार का. आरोही बायाक्काकडे गेली. "लिव, बायाक्का, वडगाव," ती म्हणाली. "येणार न्हाय म्हणावं. आर्डर लांबलीया, एक दिस बंद ठेवला न्हवं आमी." मग जरा थांबून म्हणाली, "फुडल्या वर्सी बघू म्हणावं."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उद्या सकाळची पणजीची बस, परवा सकाळी आरोहीचं सत्र. मी आरोहीला विचारलं, तिथला पियानो मी पहाटे जाऊन लावू का. ती म्हणाली त्यांचा माणूस आहे.

"मग मी येऊन काय करू?"

"ऐकायला या."

आजवर मी कार्यक्रमाला गेलो ते पेटीबरोबर. पडद्यामागे उभा राहतो, भात्याकडे लक्ष ठेवतो. मी विचारलं, "बसायचं कुठं?"

"समोर आप्पा. खुर्चीत."

"पहिल्या रांगेत नको. तिथे ड्रमचाच आवाज जास्त येतो."

"मग कितव्या रांगेत बसणार?"

सांगितलं, जागा बघून ठरवीन. चौथी बरी असावी, डाव्या बाजूला, म्हणजे तिचे हात दिसतील. उघड्या बागेत आवाज कसा पसरतो याचा मला अनुभव नाही. परत आल्यावर लिहीन, चौथी बरोबर होती की पाचवी.